नेपाळच्या डोंगरातल्या दंत शिबिराला स्वयंसेवक म्हणून जाताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: बीडीएस आणि इंटर्नशिप झाली आहे, क्लिनिकमध्ये दीडेक वर्षाचा अनुभव आहे आणि नेपाळच्या डोंगरी जिल्ह्यात दहा दिवसांच्या दंत शिबिराला बोलावणं आलं आहे. कागद कोणते लागतील, सामान काय न्यावं, तिथे काय करता येईल आणि काय टाळावं?

सामानाच्या यादीआधी बोलावणाऱ्या संस्थेला एक गोष्ट विचारा. तुम्ही परत निघाल्यावर तिथे कोण असणार आहे? दात काढल्यावर तिसऱ्या दिवशी जबडा ठणकायला लागला, रात्री रक्त थांबेना, सूज गळ्याकडे उतरली, तर पेशंट कुणाकडे जाईल? नाव, फोन नंबर आणि तिथवरचं अंतर, असं उत्तर मिळालं तर शिबिरात काय करायचं हे त्यावरून ठरवता येतं. ‘बघू, काहीतरी सोय होईल’ असं उत्तर आलं तर तपासणी, फ्लोराइड आणि शाळेतलं काम एवढ्यावर थांबा, फोर्सेप्स (दात काढायचे चिमटे) घरीच ठेवा. रोज किती दात काढले याचे आकडे फेसबुकवर टाकणारी शिबिरं पुष्कळ आहेत. त्या दातांचं पुढे काय झालं हे सांगू शकणारी फार थोडी.

कागद आणि तारखा

नेपाळमध्ये दंतवैद्यांची नोंदणी नेपाळ मेडिकल कौन्सिलकडे होते. परदेशी डॉक्टरला तिथे पेशंटवर उपचार करायचे असतील, तर मोफत शिबिरासाठीही कौन्सिलची तात्पुरती नोंदणी घ्यावी लागते आणि तिचा अर्ज स्थानिक यजमान संस्थेमार्फत जातो. पदवी, आपल्या राज्य दंत परिषदेचं चालू नोंदणीपत्र, गुड स्टँडिंग सर्टिफिकेट (तुमच्यावर कारवाई झालेली नाही असा परिषदेचा दाखला), पासपोर्टची प्रत आणि अनुभवाचा दाखला हे सगळं निघण्याच्या निदान तीन महिने आधी तयार ठेवा. गुड स्टँडिंगला वेळ लागतो, त्यामुळे पहिला अर्ज त्याचा करा. भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही, म्हणून अनेकांचा समज होतो की बाकीचंही काही लागत नाही. देशात शिरण्याची मुभा आणि उपचार करण्याची परवानगी या वेगळ्या गोष्टी आहेत. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवं, आधार कार्डावर विसंबू नका.

दोन विमा पॉलिसी उघडून वाचा. आपल्याकडची प्रोफेशनल इंडेम्निटी (उपचारातल्या चुकीसाठीचा विमा) बहुतेक वेळा भारतापुरतीच असते, त्यात भौगोलिक मर्यादेचं कलम कुठे आहे ते शोधा. प्रवास विम्यात हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च धरलाय का आणि किती उंचीपर्यंत, तेही बघा.

औषधं शक्यतो काठमांडूत विकत घ्या. तिथल्या दुकानांत भारतीय कंपन्यांचा माल सर्रास मिळतो आणि सीमाशुल्काची कटकट वाचते. इथून नेणारच असाल तर औषधाचं नाव, बॅच, मुदत आणि नग अशी यादी करून यजमान संस्थेला तिथल्या औषधि व्यवस्था विभागाकडून आधी होकार घ्यायला सांगा. दान म्हणून नेलेल्या औषधाची पोचतेवेळी किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. क्लिनिकच्या कपाटात पडून असलेली, दोन महिन्यांत संपणारी अमॉक्सिसिलीन घेऊन जाणं म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या दारात टाकणं.

तारीख ठरवताना ती विक्रम संवताची आहे की इंग्रजी, हे लेखी विचारून घ्या. ‘कार्तिक १५ गते’ म्हणजे १५ ऑक्टोबर किंवा १५ नोव्हेंबर नव्हे, कारण तिथला महिना इंग्रजी महिन्याच्या साधारण मध्यावर सुरू होतो. जून ते सप्टेंबर रस्ते दरडींनी बंद पडतात आणि असारात (आषाढात) गाव भातलावणीत गुंतलेलं असतं. दसैं (दसरा) आणि तिहारच्या (दिवाळीच्या) दिवसांत शाळा-कचेऱ्या बंद. तिहार उलटल्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंतचा काळ आणि मार्च ते एप्रिलचे पहिले आठवडे सोयीचे. शनिवारी शाळा बंद असते. त्या दिवशी मुलं मिळणार नाहीत, पण शेतावरची मोठी माणसं मिळतील. स्थानिक पालिकेची स्वास्थ्य शाखा आणि तिथली स्वास्थ्य चौकी (गावचं सरकारी आरोग्य केंद्र) यांना आधीच सामील करून घ्या. गावात निरोप पोचवायला महिला सामुदायिक स्वास्थ्य स्वयंसेविका असतात, आपल्या आशाताईंसारख्या. कोणत्या घरात कोण दातदुखीने जेवत नाही, हे त्यांना तोंडपाठ असतं.

स्वतःच्या अंगाची तयारी

हिपॅटायटिस बीचे तीन डोस (०, १ आणि ६ महिने) झाले असले तरी अँटी-एचबीएस टायटर (रक्तातल्या संरक्षक प्रतिपिंडांचं प्रमाण) तपासा, १० मिली-आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिलिलिटरपेक्षा कमी असेल तर बूस्टर घ्या. धनुर्वात, टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए यांची लस घेतलेली असावी. सुई टोचली तर एचआयव्हीची पीईपी (संसर्ग टाळणारी औषधं) ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागते, खरं तर पहिल्या काही तासांत. म्हणून २८ दिवसांच्या कोर्सची सोय सर्वात जवळ कुठल्या रुग्णालयात आहे ते आधी शोधून ठेवा, किंवा डॉक्टरच्या सल्ल्याने निदान पहिल्या दोन-तीन दिवसांच्या गोळ्या पथकासोबत न्या. चौकीपासून जिल्हा रुग्णालय आठ तासांवर असेल तर याची किंमत कळते. २,५०० मीटरच्या वर जाणार असाल तर पोचल्या दिवशी काम ठेवू नका. डोकं दुखत असताना आणि झोप झालेली नसताना मुळं मोडतात.

निर्जंतुकीकरण: शिबिराचा खरा वेग इथे ठरतो

किती पेशंट बघू शकू हे डॉक्टरांच्या संख्येवर ठरतं असं वाटतं. प्रत्यक्षात ते ऑटोक्लेव्हवर (दाबाखालच्या वाफेने अवजारं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रावर) ठरतं आणि डोंगरात ऑटोक्लेव्हचं गणित बदलतं.

१५ पीएसआय (दाबाचं एकक) म्हणजे १२१ अंश सेल्सिअस, हे आपण पाठ केलेलं असतं. ते समुद्रसपाटीवर खरं आहे. गेज दाखवतो तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेला दाब, आणि वाफेचं तापमान ठरतं एकूण दाबावर. २,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण तीन-चतुर्थांश, म्हणजे १४.७ ऐवजी जेमतेम ११ पीएसआय असतो. तिथे गेजवर १५ दिसत असताना आतलं तापमान ११६-११७ अंशांच्या आसपासच असतं. काठमांडू १,४०० मीटरवर आहे, तिथेसुद्धा ते ११८ पर्यंतच जातं. चार-पाच अंश किरकोळ वाटतात, पण जिवाणूंचे बीजाणू मरण्याचा वेग त्यामुळे जवळजवळ एक-तृतीयांशावर येतो. समुद्रसपाटीवर १५ मिनिटांत होणाऱ्या कामाला तिथे ४५ मिनिटं लागतात.

यावर उपाय दोन. गेज आणि व्हॉल्व्ह परवानगी देत असतील तर दर १,००० फुटांमागे अर्धा पीएसआय वाढवा, म्हणजे २,५०० मीटरवर १९ च्या आसपास. मात्र यंत्रावर लिहिलेली कमाल मर्यादा ओलांडायची नाही. वजनाच्या शिट्टीचा कुकर-प्रकारचा ऑटोक्लेव्ह असेल तर दाब वाढवताच येत नाही, मग वेळ तिप्पट करा. तापमान मोजून चालणाऱ्या टेबलटॉप यंत्राला ही अडचण येत नाही. त्याला दीड ते दोन किलोवॅट वीज लागते आणि शाळेच्या वायरिंगला ती झेपेलच असं नाही. पोचल्या दिवशी संध्याकाळी पूर्ण भार देऊन एक फेरी चालवून बघा.

शिट्टीचं वजन लावण्याआधी वाफ सात-आठ मिनिटं मोकळी सोडा. आत हवा अडकली तर गेज १५ दाखवतो आणि तापमान तेवढं चढलेलं नसतं. रंग बदलणारा टेप पाकीट ऑटोक्लेव्हमधून गेलं एवढंच सांगतो, नीट निर्जंतुक झालं की नाही ते सांगत नाही. प्रत्येक फेरीत भाराच्या मधोमध क्लास ५ ची इंटिग्रेटर पट्टी (तापमान, वेळ आणि वाफ पुरेशी मिळाली का ते दाखवणारी) ठेवा. ती नापास झाली तर ती फेरी परत. उकळतं पाणी हा पर्यायच नाही, त्यातून त्या उंचीवर पाणी ९१-९२ अंशांनाच उकळतं. दोन टक्के ग्लुटारल्डिहाइडमध्ये २० मिनिटं बुडवणं हे जास्तीत जास्त वरच्या पातळीचं डिसइन्फेक्शन झालं, पूर्ण निर्जंतुकीकरण नव्हे. बीजाणू मारायला त्यात दहा तास लागतात आणि तेवढा वेळ शिबिरात कुणाकडे नसतो.

आता सेट मोजू. धुणं, ब्रशने घासणं, वाळवणं, गरम होणं, थांबणं, थंड होणं मिळून तिथे एका फेरीला दोन तास धरा. साधा दात काढायला संमती, भूल चढण्याची वाट आणि शेवटच्या सूचना धरून १५ ते २० मिनिटं लागतात, म्हणजे दोन तासांत एका खुर्चीवर सहा ते आठ पेशंट. आठ सेट वापरात आणि आठ फेरीत, असे एका खुर्चीमागे आरसा-प्रोब-ट्वीझरचे १६ सेट हवेत. फोर्सेप्स प्रत्येक प्रकारचे तेवढे लागत नाहीत. खालच्या दाढेचे ४, वरच्या दाढेचे डावे-उजवे प्रत्येकी ३, वरचे प्रीमोलर (दाढेआधीच्या दातांचे) ३, वरच्या मुळांचे बेयोनेट २, खालच्या मुळांचे ४, खालचे प्रीमोलर ३, मुलांचे वर-खाली प्रत्येकी ३. सरळ एलिव्हेटर (दात सैल करायची अवजारं) ६ आणि क्रायर एलिव्हेटरच्या ३ जोड्या. हा हिशेब एका खुर्चीचा. यातला निम्माच साठा असेल तर पेशंटही निम्मे घ्या. सेट संपल्यावर ‘फक्त स्पिरिटने पुसून’ चालवण्याचा मोह दुपारी तीननंतर होतो, रांग तेव्हाही लांब असते.

अवजारं धुणाऱ्याला तपासणीचे पातळ ग्लोव्हज देऊ नका. जाड रबरी ग्लोव्हज, चष्मा आणि एप्रन द्या. टेबल-खुर्ची पुसायला अर्धा टक्का हायपोक्लोराइट पुरतं: ५ टक्क्यांच्या बाटलीतलं एक माप, नऊ मापं पाणी, रोज सकाळी ताजं. अवजारं त्यात दहा मिनिटांपेक्षा जास्त ठेवलीत तर गंजतात, सांधे अडकतात.

भूल

दोन टक्के लिग्नोकेन आणि अॅड्रेनालिनचं कार्ट्रिज (औषध भरलेली छोटी नळी) १.८ मिलिलिटरचं असतं, त्यात ३६ मिलिग्रॅम लिग्नोकेन. सरासरी दीड कार्ट्रिज धरून रोज २० पेशंटना एका खुर्चीवर ३० लागतात. फुटणं, वाया जाणं धरून वर १० टक्के. आपल्याकडे ३० मिलिलिटरची व्हायल (अनेकांसाठी वापरायची औषधाची बाटली) चालते आणि ती स्वस्तही पडते, पण गर्दीत तिच्यात एक धोका आहे. तोंडात जाऊन आलेली सुई ‘अजून अर्धा सीसी’ म्हणून पुन्हा व्हायलमध्ये गेली की त्या व्हायलमधून भूल घेणाऱ्या पुढच्या सगळ्यांना संसर्गाची वाट मोकळी होते. व्हायलच वापरणार असाल तर दर वेळी नवी सुई आणि नवी सिरिंज, आणि भरायचं काम एकाच माणसाकडे. परवडत असेल तर कार्ट्रिजच न्या.

मुलांचं वजन अंदाजाने धरू नका, स्नानगृहातला वजनकाटा सोबत न्या. अंगणवाडीच्या वयाची दिसणारी मुलं तिथे पहिली-दुसरीतली निघतात. मुलांसाठी ४.४ मिलिग्रॅम प्रति किलो ही सावध मर्यादा ठेवा. १५ किलोच्या मुलाला ६६ मिलिग्रॅम, म्हणजे ३.३ मिलिलिटर, दोन कार्ट्रिजपेक्षा कमी. तोंडाच्या चारही कोपऱ्यांत कीड आहे म्हणून एकाच बैठकीत चार ठिकाणी भूल देण्याचा विचार तिथेच थांबतो. थंड कार्ट्रिज टोचताना जास्त दुखतं. सकाळी थंडी असेल तर डबा जॅकेटच्या आत ठेवा, शेकोटीजवळ नको.

सर्वात जास्त घडणारी आपत्कालीन गोष्ट म्हणजे चक्कर. लोक तीन तास चालून, उपाशीपोटी येतात. रांगेतच बिस्किट आणि गोड चहा द्या, मगच सुई. रक्तदाब प्रत्येक प्रौढाचा मोजा. १८०/११० च्या वर असेल तर दात न काढता वेदनाशामक देऊन चौकीकडे पाठवा. अॅड्रेनालिनची १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरची अँपूल खुर्चीजवळ हवी, बंद बॅगेत नव्हे. अॅनाफिलॅक्सिसमध्ये (जीवघेण्या अॅलर्जीत) प्रौढाला ०.५ मिलिलिटर मांडीच्या स्नायूत. अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी), ऑक्सिमीटर आणि ग्लुकोज पावडर न्या. उंचीवर निरोगी माणसाचाही ऑक्सिमीटर ९०-९३ दाखवू शकतो, तेव्हा सकाळी पथकातल्या सगळ्यांचं मोजून तिथला नेहमीचा आकडा माहीत करून घ्या.

कोणते दात काढायचे

दुखणारा, पू झालेला, वाचण्यापलीकडे गेलेला आणि फोर्सेप्सने निघण्यासारखा दात काढायचा. एक्स-रे नसताना आडवी अक्कलदाढ, रूट कॅनाल झालेली ठिसूळ दाढ किंवा सायनसजवळचं एकटं उरलेलं मूळ यांच्या वाटेला जाऊ नका. वर्षानुवर्षं न दुखणारी मुळं तशीच राहू द्या. पोर्टेबल एक्स-रे आणि सर्जनचा हात पथकात असेल तर गोष्ट निराळी.

चुकीचा दात निघतो तो बहुतेक दुभाषाच्या साखळीत. पेशंट एक सांगतो, दुभाषा दुसरं ऐकतो, कार्डावर तिसरंच लिहिलं जातं. कार्डावर दोन आकडी पद्धतीने दाताचा क्रमांक लिहा, पेशंटला स्वतःच्या बोटाने दात दाखवायला सांगा, आरसा देऊन खात्री करा आणि फोर्सेप्स लावण्याआधी क्रमांक मोठ्याने म्हणा. मदतनीसाने कार्डावर बघून ‘हो’ म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. सहा वर्षांच्या मुलाची नवी पक्की दाढ आई-वडिलांना हमखास दुधाची वाटते, ‘पडणारच आहे, काढून टाका’ असं ते म्हणतात. ती दाढ आयुष्यभराची आहे हे त्यांना समजेल असं सांगणं हे त्या दिवशीचं सर्वात उपयोगी काम ठरू शकतं.

प्लास्टिकच्या खुर्चीवर खालची दाढ काढू नका. खुर्ची सरकते, जबड्याला आधार राहत नाही. लाकडी खुर्ची भिंतीला टेकवा, डोक्यामागे उशी बांधा, मदतनीसाला दोन्ही हातांनी जबडा सावरायला सांगा. टाके विरघळणारेच घाला. रेशमाचे टाके सातव्या दिवशी काढायला तिथे कुणी नसतं, आणि ते तोंडातच कुजतात. पेशंटला गॉज चावून ३० मिनिटं तुमच्या नजरेसमोर बसवा, घरी न्यायला वर चार तुकडे द्या. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन बहुतेकांना पुरतं. साधा दात निघाला म्हणून सरसकट अँटिबायोटिक देऊ नका. हृदयाची झडप बदललेली आहे किंवा एंडोकार्डायटिस (हृदयाच्या आतल्या अस्तराचा संसर्ग) होऊन गेला आहे, असं कळलं तर त्याला शिबिरात हात लावण्यापेक्षा मोठ्या रुग्णालयात पाठवणं शहाणपणाचं.

ड्राय सॉकेट (काढलेल्या दाताच्या खाचेतली रक्ताची गाठ निघून होणारं दुखणं) दोन ते चार दिवसांनी उमटतं. म्हणून कठीण वाटणारे दात पहिल्या दोन दिवसांत, शेवटचे दोन दिवस फक्त भरणं आणि फ्लोराइड. हे वेळापत्रक आयोजकांना आवडत नाही, कारण पाहुणे आणि फोटोग्राफर समारोपाला येतात.

वीज नसताना दात भरणं

जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगी केंद्रातून २००२ मध्ये मूलभूत मौखिक सेवेचा आराखडा आला. त्यात तीन गोष्टी होत्या: तातडीचे उपचार, परवडणारी फ्लोराइड टूथपेस्ट आणि एआरटी. एआरटी म्हणजे हाताच्या अवजारांनी कीड काढून ग्लास आयोनोमर (दाताला चिकटणारं सिमेंट) भरणं. ती १९८० च्या दशकात टांझानियात सुरू झाली. ग्लास आयोनोमर, सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड (कीड थांबवणारं द्रावण) आणि फ्लोराइड टूथपेस्ट २०२१ मध्ये संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आली. म्हणजे कंप्रेसर आणि मायक्रोमोटर ही ड्रिलची यंत्रं पाठीवर घालून नेल्याशिवाय चांगलं काम होत नाही, ही समजूत सोडायला हरकत नाही. (डोंगरी धावपट्ट्यांवर उतरणाऱ्या छोट्या विमानांत माणशी सामान १५ किलोच्या आसपासच नेता येतं, तेही लक्षात घ्या.)

हॅचेट, लहान-मध्यम-मोठे स्पून एक्स्कॅव्हेटर आणि कार्व्हर एवढ्यावर काम होतं. पेशंट टेबलावर आडवा, तुम्ही डोक्यामागे स्टुलावर, कपाळाला हेडलॅम्प. आधी इनॅमल आणि डेंटिनच्या सांध्याची कीड पूर्ण साफ करायची, कारण तिथे राहिलेली कीड भरण गळवते. नसेजवळचा चिवट थर थोडा राहिला तरी चालतो. कंडिशनर दहा ते पंधरा सेकंद, ओल्या कापसाने धुणं, कोरडं करणं. मग जास्त घट्ट प्रकारचं ग्लास आयोनोमर, व्हॅसलीन लावलेल्या बोटाने दाबून. तासभर खाणं नाही.

भरण निघून येतं त्याची कारणं जवळपास ठरलेली असतात: पावडर कमी घालून केलेलं पातळ मिश्रण, चकाकी गेल्यावर भरलेलं मिश्रण, लाळ. तराईतल्या (नेपाळच्या सखल भागातल्या) उन्हात मिश्रण मिनिटभरात आवळतं, तिथे काचेची स्लॅब ओल्या फडक्यावर ठेवून गार करा. डोंगरातल्या सकाळी उलट, ते रेंगाळतं, कापसाचे रोल एकदा बदलावे लागतात. एका पृष्ठभागाची भरणं चांगली टिकतात: पक्क्या दातांत पाच वर्षांनी सुमारे ८० टक्के, दुधाच्या दातांत दोन वर्षांनी सुमारे ९३ टक्के. दुधाच्या दाढेत दोन किंवा जास्त पृष्ठभाग गेले की दोन वर्षांत हा आकडा ६२ टक्क्यांपर्यंत उतरतो. म्हणून दोन दाढांमधल्या मोठ्या खड्ड्यात वेळ घालवण्यापेक्षा तिथे सिल्व्हर डायअमाइन वापरलेलं बरं.

ते ३८ टक्क्यांचं द्रावण लावणं सोपं आहे: दात पुसून कोरडा करा, ओठांना व्हॅसलीन लावा, मायक्रोब्रशने मिनिटभर घासा. एका थेंबात चार-पाच दात होतात. पण कीड काळी कुळकुळीत होते. आई-वडिलांना आधी काळ्या झालेल्या दातांचा फोटो दाखवा, विशेषतः पुढचे दात असतील तर. न सांगता लावलंत तर दुसऱ्या दिवशी ‘भारतीय डॉक्टरांनी पोराचे दात जाळले’ अशी बातमी शेजारच्या वॉर्डात पोचलेली असेल आणि तिथून कुणी येणार नाही. चांदीची अॅलर्जी असेल किंवा हिरड्यांना व्रण असतील तर लावू नका. वर्षातून दोनदा लावल्याने जास्त फायदा होतो, त्यामुळे सहा महिन्यांनी कोण लावणार हे ठरवून मगच सुरुवात करा.

स्केलिंगबद्दल (दातांवरचा कडक थर खरवडून काढण्याबद्दल) माझं मत बहुतेक आयोजकांना पटत नाही. शिबिरातलं एकदाचं स्केलिंग बघायला छान वाटतं, पेशंटला तोंड हलकं वाटतं, पण घासण्याची सवय बदलली नाही तर ते सगळं परत येतं. तेवढ्या वेळात पंधरा मुलांच्या पहिल्या पक्क्या दाढांच्या खाचा ग्लास आयोनोमरने बंद करता येतात.

रांगेतून थेट रुग्णालयात पाठवायचे

तपासणीच्या टेबलावर सर्वात अनुभवी माणूस बसवा, सर्वात नवखा नव्हे. जिभेखाली टणक सूज, तोंड दोन बोटंही न उघडणं, ताप, थुंकी गिळता न येणं, यांपैकी काही दिसलं तर तो पेशंट शिबिराचा नाही, गाडी काढा. दोन-तीन आठवडे न भरलेला व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, खैनी-सुर्ती ठेवण्याच्या जागी जाड झालेली गालाची आतली बाजू: याची वेगळी चिठ्ठी, नाव-फोनसह. चितवनमधल्या भरतपूरला बी. पी. कोइराला मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे, धरानला बी. पी. कोइराला संस्थेचं दंत महाविद्यालय आहे, काठमांडूच्या पूर्वेला धुलिखेल हॉस्पिटलची गावोगावी केंद्रं आहेत. तुमच्या जिल्ह्यातून यांपैकी कुठे जाणं शक्य आहे आणि गाडीभाडं कोण देणार, हे शिबिराच्या अंदाजपत्रकात आधीच घाला. भाड्याविना दिलेली चिठ्ठी खिशातच राहते.

लिपी देवनागरी असल्यामुळे फलक वाचता येतात, त्यामुळे भाषाही येते असा भास होतो. मुख खोल्नुहोस्, टोक्नुहोस् (चावा), थुक्नुहोस्, दुख्यो?, कति दिनदेखि? एवढं पाठ करा. रक्तदाबाला तिथे ‘प्रेसर’ म्हणतात, मधुमेहाला ‘सुगर’. पण संमती घेताना नेहमी दुभाषा हवा. तामाङ, शेर्पा किंवा थारू वस्तीत म्हाताऱ्यांना नेपाळीही नीट येत नाही, तिथे त्यांची भाषा बोलणारी स्वयंसेविका शोधा. ‘बज्यै’, ‘दाइ’, ‘दिदी’, ‘भाइ’, ‘बहिनी’ अशी हाक मारल्याशिवाय बोलणं सुरू करू नये. मुलांचे तोंड उघडलेले फोटो समाजमाध्यमांवर टाकायचे नाहीत, पालकांनी मान डोलावली तरीही.

विद्यार्थी आणि दंतवैद्य नसलेले

तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ‘परदेशात हात साफ करायला मिळेल’ म्हणून पैसे घेऊन नेणाऱ्या सहली आहेत. जे काम करायची परवानगी तुम्हाला पुण्या-नागपुरात नाही, ते नेपाळच्या सिंधुपाल्चोक जिल्ह्यातही नाही. विद्यार्थी नोंदणी, रक्तदाब, मिश्रण करणं, खाचा भरताना मदत, शाळेतलं ब्रशिंग हे सगळं उत्तम करू शकतात. दंतवैद्य नसलेल्या दोन माणसांना फक्त अवजारं धुण्या-ऑटोक्लेव्हवर ठेवा आणि दर दोन दिवसांनी बदली करू नका. हे काम शिकायला एक दिवस जातो आणि बदली झाली की चुका पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात.

शाळेत ब्रश वाटायचे असतील तर आधी गावच्या दुकानात जा. तिथे मिळणाऱ्या पेस्टच्या वेष्टनावर फ्लोराइड १,००० पीपीएम किंवा जास्त लिहिलंय का आणि किंमत काय, ते बघा. तीच पेस्ट मुलांना दाखवा. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वयात वाटाण्याएवढी, घासून झाल्यावर थुंकायचं, खळखळून धुवायचं नाही. मुंबईहून नेलेली आकर्षक ट्यूब महिन्यात संपते आणि मागोमाग ब्रशही कोपऱ्यात जातो.

निघण्याआधी

सुया, कार्ट्रिज आणि मोडलेली ब्लेडं तीन-चतुर्थांश भरली की डबा बंद करा. शाळेमागे खड्ड्यात जाळणं चालणार नाही. अर्धवट जळालेल्या सुया मुलांच्या खेळात येतात. ते डबे ज्या रुग्णालयाने लेखी कबूल केलं आहे तिथे परतीच्या गाडीतून पोचवा आणि पावती घ्या. कार्डाच्या प्रत्येकी दोन प्रती करा, एक स्वास्थ्य चौकीत राहील. जवळपास डेंटल हायजिनिस्ट असेल तर त्यांना शिबिराच्या काळात खुर्चीशेजारीच उभं करा. उरलेलं ग्लास आयोनोमर, सिल्व्हर डायअमाइन आणि एक्स्कॅव्हेटर त्यांच्याच हवाली करा. जे त्यांना वापरता येत नाही ते परत आणा. दात काढलेल्या पेशंटना तिसऱ्या आणि सातव्या दिवशी चौकीतून फोन जाईल, याची यादी आणि फोनचा खर्च देऊन या. तुमचाही एक नंबर ठेवा आणि आठवडाभर तो चालू ठेवा. पहिला फोन बहुधा चौथ्या दिवशी येईल, खालच्या दाढेच्या ड्राय सॉकेटचा. सॉकेट कोमट सलाइनने धुऊन त्यात युजेनॉलचं ड्रेसिंग कसं भरायचं, हे चौकीतल्या माणसाला प्रत्यक्ष करून दाखवलेलं असेल, तर ते काम फोनवर होतं.